घरच्या बाईला लॉगिन कशाला

आमच्या शेजारच्या वहिनींना गल्लीत पाठीमागे ‘गिझर’ म्हणतात. बटण दाबलं की गरम. हे नाव कोणी ठेवलं याची चौकशी करू नका. चांगल्या कामात कर्त्याचं नाव गुप्त राहिलेलं बरं. शिवाय ते त्यांच्या धंद्यालाही शोभतं. त्यांच्या घरचं नळ, पाइप, कमोड, शॉवर आणि बाथरूमला लागणाऱ्या सटरफटर वस्तूंचं घाऊक दुकान आहे. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत, आणि त्यांच्या दुकानात नि माझ्या फोटो-फ्रेमच्या दुकानातही एकच भिंत. म्हणजे काही ऐकायचं नाही असं मी ठरवलं तरी ते जमायचं नाही. आणि मी तसं ठरवलेलंही नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. गिझर तापतो म्हणून तक्रार सगळे करतात, आणि त्याच पाण्यानं अंघोळही सगळेच करतात.

वहिनी त्या घरात थोरली सून म्हणून आल्या तेव्हा दुकानातला सगळा साठा सासऱ्यांच्या डोक्यात असायचा, आणि ते डोकं दुपारी जेवून झोपायचं. गिऱ्हाईक पाइप वळवायचा एल्बो मागायला यायचं आणि सासरे उठेपर्यंत स्टुलावर पेंगायचं. वहिनींनी लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. लग्न जमवताना ‘मुलगी शिकलेली आहे’ एवढं म्हणायला तो उपयोगी पडला, मग सगळे तो विसरून गेले. वहिनी विसरल्या नाहीत. गोदामाच्या कोपऱ्यात, कमोडच्या बंद खोक्यावर बसून, मांडीवर लेक आणि समोर कुणीतरी टाकून दिलेलं कॉम्प्युटरचं डबडं, अशा थाटात त्यांनी दुकानाचं सॉफ्टवेअर स्वतः लिहून काढलं. बिल, साठा, परत आलेला माल, सगळं. काळा पडदा, पिवळी अक्षरं. लिपी इंग्रजी, पण बोलायचं आपल्या भाषेत. सकाळी चालू केलं की विचारायचं, ‘चहा झाला का?’ आणि ‘हो’ दाबल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. संध्याकाळी बंद करताना विचारायचं, ‘गोदामाचा दिवा बंद केला का?’ हा प्रश्न खास धाकट्या दिरासाठी. तो दिवा लावतो. विझवणं त्याला कमीपणाचं वाटतं.

लेक मोठी झाली, शिकायला दुसऱ्या गावी गेली. वहिनी तिथंच. खोक्याच्या जागी खुर्ची आली, एवढीच काय ती बढती. पगाराचा विषय निघाला की सासरे म्हणायचे, “घरच्या बाईला पगार कसला?” हुद्द्याचा निघाला की म्हणायचे, “थोरली सून! याहून मोठा हुद्दा कुठला?” वहिनींचे यजमान, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते गोदाम बघतात. त्यांच्याकडे जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध आहे. “जाऊ दे.” नळ गळतोय? जाऊ दे. भावानं बायकोला टाकून बोललं? जाऊ दे. मला तर वाटतं, लग्नातसुद्धा मंगलाष्टकं संपेपर्यंत ते मनातल्या मनात हेच म्हणत उभे असतील.

आता त्या सॉफ्टवेअरमधली एक खोड. ती कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. त्यांच्या गिऱ्हाइकांत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे प्लंबर ढिगानं. एकानं मागवलेला माल दुसऱ्याच्या दारात जायचा. म्हणून वहिनींनी प्रत्येकाला दोन नावं दिली. दुसऱ्या रकान्यात बिलावर छापायचं खरं नाव. आणि पहिल्या रकान्यात हाकेचं नाव, म्हणजे दुकानातल्या दुकानात ओळखायचं. नवीन गिऱ्हाईक आलं की शटर ओढायच्या आधी सगळं घर काउंटरभोवती जमायचं आणि त्याचं नामकरण व्हायचं. भिंतीपलीकडे मी खिळे ठोकायचं थांबवून ऐकायचो. सासरे तर हसता हसता ठसका लागून बेजार व्हायचे. एका प्लंबरचं नाव ‘गळका नळ’, कारण त्याचं तोंड बंद होत नाही. एकाचं ‘बायकोला विचारतो’. एकाचं ‘दोनदा परत’. एक ‘खोटा खोकला’. इमारती बांधणारे दोन भाऊ होते, दुकानाचे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक. ते ‘थोरला फुगा’ आणि ‘धाकटा फुगा’. वर्षानुवर्षं हा प्रकार चालला आणि एकदाही हाकेचं नाव दुकानाबाहेर गेलं नाही, कारण बिल छापताना सॉफ्टवेअर बरोब्बर दुसरा रकाना उचलायचं.

मग आलं ईआरपी, म्हणजे सगळा धंदा सांभाळणारं तयार सॉफ्टवेअर. हा शब्द धाकट्या दिरानं कुठल्याशा प्रदर्शनातून आणला, लोक फुकटची पिशवी आणतात तसा. घरी आल्यापासून एकच घोष. “सगळं एका जागी! साठा, बिलं, कर, माणसं, सगळं!”

वहिनी आडव्या आल्या असतील असं वाटतं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं, मी तर खुर्ची भिंतीजवळ ओढून बसलो होतो. पण नाही. “आणाच,” त्या म्हणाल्या. “माझं म्हातारं झालंय. दोन काउंटरवर एकदम बिल होत नाही, कराचे आकडे दर महिन्याला हातानं भरावे लागतात, आणि त्याला चालणारा प्रिंटर आता भंगारातच मिळतो. त्याला पोचवायला पहिला खांदा माझा.” सासऱ्यांना हायसं वाटलं. गिझर तापलाच नाही म्हणून मीच जरा खट्टू झालो.

तापला तो यादीच्या दिवशी.

नवी यंत्रणा बसवायला एक तरुण मुलगी आली होती. शहाणी, कामसू, कमी बोलणारी. सगळे तिला मॅडम म्हणायचे, वहिनी ‘पोरी’ म्हणायच्या. तिनं सगळ्यांना काउंटरमागे बसवलं आणि विचारलं, “यात प्रत्येक माणसाला स्वतःचं लॉगिन लागतं. कोण कोण वापरणार आणि कोणाचं पद काय, तेवढं सांगा.”

मी हातोडी खाली ठेवली. धंद्याचं नुकसान मला सोसतं, बातमीचं सोसत नाही.

दिरानं घसा साफ केला. “मी, व्यवस्थापकीय संचालक. बाबा, अध्यक्ष. माझी मिसेस, संचालक. दादा, गोदामप्रमुख. काउंटरचे दोघं, विक्री. बस.”

“बस?” हा वहिनींचा आवाज.

“वहिनी, तुम्ही घरच्याच. तुम्हाला लॉगिन कशाला? एकेका लॉगिनचे पैसे पडतात. तुम्ही माझ्याच लॉगिनवर बसा की.”

“आणि मी केलेलं काम कोणाच्या नावावर दिसेल, भाऊजी?”

“माझ्या. पण त्यानं काय फरक पडतो? घर एकच.”

“घर एकच ना? मग तुम्ही माझ्या लॉगिनवर बसा.”

काउंटरचे दोघं फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले. दिरानं पाहिलं असणार.

“तुमच्या मिसेसना आहे लॉगिन,” वहिनींचा आवाज चढला. “त्यांना एल्बो कुठला आणि बेंड कुठला ते कळतं का?”

“ती फक्त कागदोपत्री आहे हो, वहिनी.”

“मग मलाही कागदोपत्रीच हवंय. प्रत्यक्षात मी आहेच.”

ही संचालकपदाची गंमत तुम्हाला ठाऊक नसेल. मध्यंतरी कर वाचवायला घरातल्या कुणाचं तरी नाव कागदावर घालायचं ठरलं, तेव्हा धाकट्या जावेचं घातलं. बाई स्वभावानं गरीब. दुकानाची पायरी तिनं एकदाच चढली असेल, तीही छत्री विसरली होती म्हणून. थोरलीचं नाव का नाही घातलं? तर सासरे म्हणाले होते, “ती रोज येतेच की. तिला कागद कशाला?” म्हणजे बघा. जी येत नाही तिला कागद, आणि जी येते तिला खोकं. हे मी नुसतं भिंतीपलीकडून ऐकलं होतं, तरी माझ्या हातून चांगली काच तडकली होती.

“सूनबाई,” सासरे म्हणाले, “माणूस नात्यानं मोठा होतो, हुद्द्यानं नाही.”

“मग तुम्ही अध्यक्ष कशाला झालात, मामंजी?”

दादा मध्ये पडले. “जाऊ दे.”

“कुठे जाऊ दे?” वहिनी कडाडल्या. “इतकी वर्षं जाऊच देतेय! या दुकानात कमोडच्या झाकणालासुद्धा नंबर आहे. मला नाही!”

मॅडम बिचारी म्हणाली, “मी यादीत जागा रिकामी ठेवू का?” दीर म्हणाला, नको. आणि यादी तशीच गेली.

तेव्हा प्रश्न एवढाच उरला होता: त्या दुकानाच्या नव्या संसारात वहिनींचं नाव येणार की नाही. बाकी ईआरपी बरं की वाईट, यावर भांडण नव्हतंच कधी.

जुन्या सॉफ्टवेअरच्या शेवटच्या संध्याकाळी मी मुद्दाम एक नळ बघायचं निमित्त काढून तिथं गेलो. मॅडमनं सगळी माहिती उतरवून घेतली होती. वहिनी स्वतः बंद करायला बसल्या. पिवळी अक्षरं आली: ‘गोदामाचा दिवा बंद केला का?’ वहिनींचं बोट ‘हो’च्या वर होतं. त्या जरा थांबल्या होत्या. माणूस थांबतोच अशा वेळी. तेवढ्यात मागून दीर आला, “झालं ना कॉपी?” म्हणाला, आणि त्यानं भिंतीतला प्लग उपटला.

पडदा काळा झाला. वहिनींचं बोट तसंच हवेत.

मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खोटं कशाला सांगू? वहिनींनी पाण्याची बाटली उचलली, खुर्चीवरची उशी काखेत मारली आणि घरी निघून गेल्या. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे भांडी घासली जात नव्हती, भांड्यांवर सूड उगवला जात होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे मिक्सर मागायला गेलो. (आमचा मिक्सर चांगला आहे, पण त्याला कान नाहीत.) वहिनी कणीक मळत होत्या, म्हणजे कणकेला बुकलत होत्या. फोन वाजला. हात भरलेले, म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकर लावला. मॅडम होती.

“वहिनी, जुन्या माहितीत नावाचे दोन रकाने आलेत. बिलावर कुठलं घ्यायचं? पहिलं की दुसरं?”

“पोरी, यादीत माझं नाव आहे का?”

“नाही, पण...”

“मग यादीतल्या माणसाला विचार. मी घरची बाई. मला मीठ कुठल्या बरणीत आहे एवढंच माहीत.” आणि कोपरानंच फोन बंद.

“वहिनी,” मी म्हटलं, “सांगून टाकायचं होतंत. त्या पोरीचा काय दोष?”

“फ्रेमवाले, तुम्ही मिक्सर न्या.”

मी मिक्सर नेला. पोरीनं मग दिराला विचारलं. तो कुणाशीतरी फोनवर बोलत होता, त्यानं फोनवर हात ठेवून सांगितलं, “पहिलंच असणार. दुसरं जास्तीचं दिसतंय, टाकून द्या.” बघायला मागितलंसुद्धा नाही. आणि ती मुलगी बाहेरची. ढीगभर नावांतलं वरचं एकच तिनं बघितलं, आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘थोरला फुगा’ असं लिहिलेलं पाहून तिला ते एखाद्या कंपनीचं नाव वाटलं. काय काय नावाच्या कंपन्या असतात हल्ली! तिचं काही चुकलं नाही.

नवी यंत्रणा सुरू झाली त्या सकाळी यंत्रणेनं पहिलं काम काय केलं असेल, तर सगळ्या गिऱ्हाइकांना, एकूण एक, फोनवर स्वागताचा निरोप धाडला आणि सोबत ज्याचं त्याचं शेवटचं बिल. ‘प्रिय खोटा खोकला, आमच्या परिवारात आपले स्वागत आहे.’ ‘प्रिय गळका नळ, आपला विश्वास हीच आमची ताकद.’

मी दुकान उघडत होतो. माझाही फोन वाजला. मागे कधीतरी मी त्यांच्याकडून एक नळ घेतला होता, तो विसरून गेलो होतो. त्यांचं सॉफ्टवेअर विसरलं नव्हतं.

‘प्रिय भिंतीचा कान.’

मी ते परत परत वाचलं. मग माझ्या कानाला हात लावून पाहिला. मग शटर तसंच अर्धं टाकून शेजारी धावलो, कारण अपमान झाला तरी बातमी ती बातमीच.

काउंटरसमोर गर्दी. ‘खोटा खोकला’ खरोखर खोकत होता, पण आता विश्वास कोण ठेवणार? ‘बायकोला विचारतो’ बायकोला घेऊनच आला होता. तो लाल झाला होता आणि ती मात्र बेहद्द खूश होती, बिलाची आणखी एक प्रत मागत होती. ‘गळका नळ’ बोलायला लागला होता आणि त्याला कोणी थांबवू शकत नव्हतं. आणि मधोमध थोरला फुगा, हातात छापलेलं बिल, मागे धाकटा.

“हा फुगा कोण?” थोरल्यानं विचारलं. रागानं त्याचे गाल भरून आले होते, छाती पुढे आली होती. त्याच्याकडे बघायची कोणाची हिंमत होईना, कारण बघितलं की नाव पटत होतं.

दीर घामाघूम. “साहेब, सिस्टिमची चूक...”

“सिस्टिमनं मला फुगा म्हटलं?”

सासऱ्यांनी हात वर केला. “सूनबाईला बोलवा! हे सगळं तिनं घालून ठेवलंय. तीच माफी मागेल.”

यादीत घ्यायला नको, पण तोफेच्या तोंडी द्यायला सूनबाई! वहिनी आल्या. अर्धे केस विंचरलेले, कंगवा अजून हातात. तो कंगवा बघून ‘दोनदा परत’ दोन पावलं मागे सरला.

“वहिनी, ही नावं तुम्हीच टाकलीत!” दीर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

“टाईप मी केली,” वहिनी म्हणाल्या. “ठेवली कोणी, ते सांगू?” आणि गिऱ्हाइकांकडे वळल्या. “फुगा हे मामंजींचं. थोरला नि धाकटा, दोन्ही. खोटा खोकला आमच्या भाऊजींचं. गळका नळ काउंटरच्या या दोघांचं. आणि ‘बायकोला विचारतो’ हे ह्यांचं.” सगळ्यांनी गोदामाच्या दाराकडे पाहिलं. दादा तिथं पाइप धरून उभे होते. आयुष्यात त्यांनी केलेली ती एकमेव स्वतंत्र निर्मिती असावी.

“आणि भिंतीचा कान?” मी मागून विचारलं.

“ते माझं,” वहिनी मान ताठ ठेवून म्हणाल्या.

सासरे छताकडे बघत होते. थोरल्या फुग्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि त्याची हवा जराशी कमी झाली. म्हाताऱ्या माणसावर ओरडणार किती?

“ऐका,” वहिनी म्हणाल्या. “या नावांना मीही हसलेय. सगळ्यांत मोठ्यानं. आणि या पोरीनं मला फोन करून विचारलं होतं, कुठलं नाव छापायचं. मी सांगितलं नाही. राग होता म्हणून फोन ठेवला. तेवढी चूक माझी. दुसऱ्या कोणाची नाही.”

मॅडम तोवर खटाखट काम करत होती. “नावं बदलणं सोपं आहे,” ती म्हणाली. “दुसरा रकाना टाकून दिला असला तरी प्रत माझ्याकडे आहे. चहा येईपर्यंत होईल.” आणि झालंही. वहिनींशिवाय झालं, हेही सांगायला हवं. दुकान काही वहिनींच्या डोक्यात अडकून बसलं नव्हतं. हुकुमाचा म्हणावा असा एकही पत्ता त्यांच्या हाती नव्हता.

“फक्त गेलेली बिलं रद्द करायला हवीत,” मॅडम म्हणाली. “प्रत्येक बिलाला रद्द करण्याचं कारण भरायचं, आणि खाली जबाबदार व्यक्ती.”

दिराचा चेहरा उजळला. “वहिनींचं नाव टाका! आत्ताच सगळ्यांसमोर कबूल केलंय त्यांनी.”

“टाकता येत नाही.”

“का?”

“त्या कर्मचाऱ्यांच्या यादीत नाहीत.”

“मग घाला ना यादीत!” दीर ओरडला.

बोलून गेला, आणि मग आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. काउंटरचे दोघं जमिनीकडे बघायला लागले. खोकलासुद्धा थांबला. बघा हं: काम केलं तेव्हा लॉगिन महाग होतं. दोष ठेवायचा म्हटल्यावर ते एका क्षणात परवडलं.

वहिनींनी कंगवा काउंटरवर ठेवला. “घाल पोरी.”

“पद काय लिहू?” मॅडमनं यादी उघडली. “सहाय्यक, कारकून, पर्यवेक्षक, व्यवस्थापक...”

“सहाय्यक,” दीर म्हणाला.

“थांब,” वहिनी म्हणाल्या. “सगळ्या गिऱ्हाइकांना एका सकाळी शिव्या घातल्या आहेत या दुकानानं. एवढी मोठी चूक सहाय्यकाच्या हातून होते का, भाऊजी? सहाय्यकाला तेवढा अधिकार असतो का?”

“अहो, पण...”

“बाई बरोबर बोलतायत,” थोरला फुगा म्हणाला. त्याला आता मजा यायला लागली असावी, किंवा नावापेक्षा दिराचाच राग त्याला जास्त आला असावा. “माझ्याकडे स्लॅब खचला तर मी घमेलं उचलणाऱ्याला धरत नाही. वरच्याला धरतो. मला सहाय्यकाची सही चालणार नाही. दुकानाचा कुणी मोठा माणूस जबाबदार पाहिजे.”

“बाबा!” दीर म्हणाला.

“लिहा काय लिहायचं ते,” सासरे म्हणाले, “आणि हा बाजार आवरा!”

मॅडमनं लिहिलं. व्यवस्थापक, विक्री आणि साठा. पासवर्ड वहिनींनी स्वतः घातला. तो काय होता, ते मान लांब करूनही मला दिसलं नाही, याचं दुःख मला अजून आहे. मग एकेक बिल रद्द झालं, आणि प्रत्येकाच्या खाली वहिनींचं पूर्ण नाव उमटत गेलं. थोरल्या फुग्याच्या बिलाखाली. धाकट्याच्या. माझ्या.

मला वाटलं, आता बाई हसेल. कसलं काय! त्या पडद्याकडे बघत राहिल्या आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या.

“इतकी वर्षं बिल बरोबर जायचं,” त्या हळूच म्हणाल्या, “तेव्हा खाली कोणाचंच नाव नसायचं.”

गिऱ्हाइकं पांगली. ‘बायकोला विचारतो’ची बायको जाताना वहिनींचा हात दाबून गेली. मी निघालो नाही. कान असा अर्ध्यात उठत नाही.

“पोरी, हे डाव्या बाजूला काय आहे?” वहिनींनी विचारलं.

“रजा. कर्मचाऱ्यांना रजेचा अर्ज करायला.”

“मी कर्मचारी आहे ना आता?”

“हो.”

वहिनींनी बटण दाबलं. प्रकार कुठला? आजारपणाची, किरकोळ, हक्काची. त्यांनी ‘हक्काची’ निवडलं. कारण भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता. त्यांनी एका बोटानं टाईप केलं: ‘राग.’ कधीपासून? आजपासून. कधीपर्यंत, या रकान्यात त्यांनी ‘संपेपर्यंत’ असं लिहून पाहिलं, ते यंत्राला पटेना. तेव्हा कॅलेंडर उघडून त्यांनी चांगली लांबची तारीख बघितली आणि अर्ज धाडला.

दिराच्या खिशात फोन वाजला.

“वहिनी, हे काय? आज? आज पहिला दिवस आहे!”

“माझाही पहिलाच आहे. मंजूर करा नाहीतर नामंजूर. दोनच बटणं आहेत म्हणे.”

त्यानं ‘नामंजूर’ दाबलं. दाबणारच. पण ईआरपीनं त्यालाही विचारलं: नामंजुरीचं कारण? दिरानं लिहायला सुरुवात केली. ‘घरच्या बाईला...’ एवढं लिहिलं आणि खोडलं. मग ‘गरज आहे’ लिहिलं, तेही खोडलं. त्याखाली स्वतःचं नाव येणार होतं ना. त्यानं बापाकडे पाहिलं. बाप पुन्हा छताकडे. त्यानं भावाकडे पाहिलं.

दादांनी हातातला पाइप भिंतीला टेकवला. “जाऊ दे तिला,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, मोठ्यानं, “मी सांगतोय. दाब ते ‘मंजूर’चं बटण.” दिरानं दाबलं.

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. बराच वेळ. राग काही उतरला नव्हता, आणि उतरावा तरी का? एका वाक्यात एवढी वर्षं फिटत नसतात. पण कंगवा उचलला, दुकानाच्या आरशात बघून राहिलेले अर्धे केस विंचरले, आणि बहिणीकडे निघून गेल्या. मिक्सर तुमच्याकडेच राहू द्या म्हणाल्या.

मी माझं बिल छापून घेतलं, रद्द झालेलं, खाली त्यांच्या नावासकट. चांगली सागवानी चौकट घातली आणि दुकानात दर्शनी भागात लावलं. गिऱ्हाइकं वाचतात आणि हसतात. वरचं नाव वाचून हसतात. खालचं मी त्यांना बोट ठेवून दाखवतो.

त्या संध्याकाळी दीर दुकान बंद करून गेला. नवी यंत्रणा काही विचारत नाही. बटण दाबलं की गुपचूप झोपते. गोदामाचा दिवा लख्ख चालू होता. मला दिसत होता. हाक मारावी असं क्षणभर वाटलं, दीर गल्लीच्या तोंडाशीच होता. पण म्हटलं, कशाला? बिलावर मी कान आहे, डोळा नव्हे.